कृष्णेत सोडलेल्या काठ्या

घरी परतलो त्या दिवशी बायकोने सामान उतरवून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "काठ्या दोन कमी कशा?"

"कृष्णेत सोडल्या," मी म्हटलं.

"सोडल्या म्हणजे?"

"म्हणजे पाण्यात सोडल्या. हात जोडून, रीतसर."

तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. तिचं काही चुकलं नाही. मला स्वतःलाच अजून सगळं खरं वाटत नाही. पण अलिबागेत जो भेटतो तो "काय मास्तर, कसा झाला दौरा?" म्हणून विचारतो, आणि रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी इथल्या शाळेत कवायत शिकवतो आणि बालवीरांचं पथक चालवतो. आमच्या पथकाच्या सभा रंगतात, पोरं हाकलली तरी घरी जात नाहीत, ही कीर्ती कशी कोण जाणे घाटावर पोचली. सातारा-सांगलीकडून बोलावणं आलं. तिकडची पथकं ओस पडत चालली होती. पोरं एक-दोन सभांना येत आणि पुन्हा तोंड दाखवत नसत. सभा मजेदार कशा कराव्यात ते गावोगाव फिरून दाखवा आणि शेवटी सांगलीच्या मेळाव्याला या, असं निमंत्रण होतं. लढाई नुकतीच संपली होती, गाड्या पुन्हा जरा वेळेवर धावायला लागल्या होत्या. मी असा फुगलो की विचारू नका! महिनाभर खेळ आखत बसलो. ट्रंकेत दोरखंड, रंगीत खडू, डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या, शिट्ट्या भरल्या. आणि माझ्या लाडक्या काठ्या घेतल्या. आमच्याकडच्या सुताराकडून घडवून, तेल पाजून पाजून गुळगुळीत केलेल्या.

वाई

पहिला फटका वाईतच बसला, आणि तो मीच ओढवून घेतला.

कृष्णेच्या घाटालगतच्या एका शाळेत सभा होती. पोरं स्वच्छ, धुतलेली, गप्प. म्हटलं, यांना आधी हसवलं पाहिजे. वासावरून वस्तू ओळखण्याचा खेळ काढला. डोळे बांधायचे आणि एकेक पुडी नाकाशी धरायची. सुंठ झाली, कापूर झाला, कॉफी झाली. पोरं खुलायला लागली. मग मी चौथी पुडी उघडली. त्यात सुका जवळा होता.

अहो, आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा हा वास ओळखतं! तोंडाला पाणी सुटतं. इथे पहिल्या पोराने डोळ्यांवरची पट्टी ओरबाडून काढली आणि "मेलेलं काहीतरी आहे!" म्हणून किंचाळला. मुख्याध्यापक धावत आले. पुडीत काय आहे ते मी सरळ सांगितलं, तर गृहस्थ भिंतीला टेकले. वर्गाच्या पलीकडच्या खोलीत सरस्वतीची तसबीर होती म्हणे. शिपायाने गोमूत्र आणलं, फरशी धुतली, आणि धुता धुता माझ्या बुटांवरही चार थेंब मुद्दाम उडवले.

मी हबकून गेलो होतो. पण खरं सांगू? फाटकाबाहेर पडलो तर सगळी पोरं मागून धावत आली. "सर, ती पुडी अजून आहे का? एकदा दाखवा ना!" दोघांनी तर हुंगायची पैज मारली. त्या सभेत मजा आली नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सातारा

साताऱ्यात कंदी पेढे खाल्ले. आमच्या नारळीपाकात वाढलेल्या जिभेला ते करपल्यासारखे लागले, आणि तिसऱ्या पेढ्यापासून थांबवेना. ज्वारीच्या भाकरीचं मात्र उलटं झालं. पहिला घास गोड लागला आणि मग हिरव्या मिरचीच्या ठेच्याने जो घात केला! पाणी प्यावं तर जास्तच आग. वाढणारी बाई पदराआड हसत होती.

मला नेमून दिलेल्या गृहस्थांनी ट्रंक उघडून पाहिली आणि शिट्ट्यांची माळ उचलून बाजूला ठेवली.

"या इथेच राहू द्या," ते म्हणाले.

"अहो, शिट्टीशिवाय सभा कशी घेऊ?"

"मास्तर, मागची दोन-तीन वर्षं या मुलखात संध्याकाळी शिट्टी वाजली की लोक दारं लावून घेत होते. कुणाची शिट्टी, भूमिगतांची की पोलिसांची, ते विचारायला कोणी थांबत नसे. तुम्ही खेळायला वाजवाल आणि अर्धं गाव उसात जाऊन बसेल."

शिट्टी म्हणजे माझ्या लेखी खेळ सुरू आणि खेळ बंद, एवढंच! निमूटपणे माळ त्यांच्याकडे ठेवली. त्या वेळी मला वाटलं की या दौऱ्यातला सगळ्यात मोठा धक्का बसून गेला.

भैरववाडी

सातारा आणि कराडच्या मध्ये कृष्णेच्या काठी ही वाडी आहे. मोटारीतून उतरलं की बैलगाडी, दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधूनच गुऱ्हाळाचा धूर. त्या वासाने पोट आपोआप भुकेलं होतं. इथल्या घराघरातला एक तरी माणूस पलटणीत असतो. पथकाचे नायकही पलटणीतूनच आलेले, हवालदार खाशाबा. लढाईवरून परतले होते. उंचेपुरे, मिशा पिळलेल्या, पायात गावठी वहाणा पण चाल बुटांची.

त्यांची सभा बघायला मी पारावर बसलो. डझनभर पोरं रांगेत उभी. "सावधान!" मग बराच वेळ काहीच नाही. पोरं ताठ, हवालदार ताठ, वर कावळा ओरडतोय. एका पोराला कावळ्याचं हसू आलं, त्याला लगेच उठाबशा. मग डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुन्हा सावधान. आणि डिस्मिस.

"झाली सभा?" मी विचारलं.

"झाली की," हवालदार म्हणाले. "का वो?"

"हवालदार, यात मजा कुठे आहे?"

"मजा?" त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. "गुर्जी, रांगेत बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई, इचारल्याबिगार तोंड उघडायचं न्हाई. येवढं जमलं की पोरगं मानूस झालं. मागल्या साली लय पोरं हुती. पळाली समदी. ऱ्हायली ती ही."

ऱ्हायली ती ही! पळून जायची हिंमत नव्हती म्हणून राहिली असतील बिचारी. मी कपाळावर हात मारला.

उतरलो होतो हवालदारांच्याच घरी. त्यांची बायको येसूबाई, बहीण सोनाआत्या आणि मुलगा दगडू, एवढंच कुटुंब. दगडू अकरा वर्षांचा, पथकातला टोळीनायक. काडीसारखा बारीक, डोळे तेवढे मोठे. गळ्यात काळा दोरा, आणि मुलगा असून नाक टोचलेलं. मी नाकाकडे बघतोय हे येसूबाईंनी ओळखलं. माझ्या ताटात आमटी वाढता वाढता त्या हलक्या आवाजात बोलल्या.

"ह्येच्या आदीची चार गेली गुर्जी. एकबी पाळन्यातनं खाली उतारलं न्हाई. मग ह्यो झाला. नाक टोचलं, दगडू नाव ठिवलं. दगडाला कोन न्हेतंय?"

"पण शाळेत तरी चांगलं नाव घालायचं."

"समदीकडं दगडूच."

"कधी दुसरं नाव ठेवावंसं वाटलं नाही?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, जणू तिथे कोणी उभं आहे. मग तोंडावर बोट ठेवलं. "वाटतंय म्हून काय झालं? त्ये बोलायचं न्हाई. तुमी खेळ घ्या, हासवा पोरास्नी. पर माझ्या येवढ्या एकाला जपा. नदीत उतरू दिऊ नगासा, झाडावर चडवू नगासा."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. नदी नाही, झाड नाही. आणि अगदी त्याच हिशेबाने मी दुसऱ्या दिवशीचा खेळ निवडला, ज्यात कोणाला खरचटणारसुद्धा नाही. जखमीची वाहतूक!

हा खेळ सांगलीच्या मेळाव्यात स्पर्धेलाही होता. दोन काठ्या घ्यायच्या, त्यांच्यात घोंगडं गुंडाळून डोली करायची, तिच्यात जखमी घालायचा आणि त्याला न हिंदकळता मुक्कामी न्यायचं. हवालदारांना सांगितलं मात्र, माणूस एकदम उजळला. "ह्यो खेळ झ्याक हाय! आमी डोंगरावरनं आशी किती मान्सं खाली आनली. पर गुर्जी, चढउताराला हातात धरून भागत न्हाई. खांद्यावर घ्यावं लागतंय."

ठीक, खांद्यावर. जखमी कोण? हलका म्हणून दगडू. हवालदारांनी स्वतःचा पटका सोडून त्याच्या डोक्याला बांधला आणि वर तांबडी काव लावून रक्त केलं. आमच्या पुस्तकात लिहिलंय की जखमीला थंडी वाजू देऊ नये, म्हणून मी त्याच्या अंगावर माझं पांढरं धोतर गळ्यापर्यंत पांघरलं. जखमीचे पाय पुढे ठेवावेत, म्हणजे मागच्याला त्याचा चेहरा दिसतो, हेही पुस्तकातच आहे. डोळे मिटून पडून राहायचं, हलायचं नाही, हे मीच सांगितलं. मार्ग चावडीपासून नदीपर्यंत. मध्यावर, लिंबाच्या झाडाखाली, एक छान सपाट दगड मी सकाळीच हेरून ठेवला होता. तिथे डोली टेकवायची, पुढच्यांनी मागे आणि मागच्यांनी पुढे यायचं, आणि पुन्हा उचलायचं.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने समजावलं. पोरं ऐकत होती. एकमेकांकडे चोरून बघत होती. एकाचा तर ओठ थरथरत होता. मी म्हटलं, काय ही शिस्त!

निघाली डोली. हवालदार बोडक्या डोक्याने पुढे, चौघे पोरगे खांदा देऊन मागे, बाकीचे खाली माना घालून. कोणी बोलत नाही, कोणी हसत नाही. लिंबाखालच्या दगडावर डोली टेकली. खांदे बदलले. पुन्हा उचलली. आता वाचणाऱ्यांपैकी शहाण्यांना कधीच कळलं असेल. मला कळलं नाही. देवाशपथ सांगतो, मी मागून टाळ्या वाजवत येत होतो.

नदीकडून बायका पाणी घेऊन वर येत होत्या. सगळ्यात पुढे येसूबाई. त्यांनी आधी नवऱ्याचं बोडकं डोकं पाहिलं. मग पांढरं धोतर. मग पुढे आलेले, वाकड्या अंगठ्याचे दगडूचे दोन पाय. घागर डोक्यावरून घसरून फुटली. बाई किंचाळल्या नाहीत. होत्या तिथेच, त्या चिखलात, फतकल मारून बसल्या आणि तोंड उघडं ठेवून श्वास शोधायला लागल्या. आणि मग जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही.

"आये! आये, मी हाय!" दगडू डोलीत ताडकन उठून बसला.

बस्स! मेलेला उठला म्हणून मागच्या बायका घागरी टाकून पळत सुटल्या. पोरांनी डोली खाली ठेवली. दगडू पांढरं धोतर गुंडाळलेलाच आईकडे धावला, आणि सोनाआत्या गर्दीतून पुढे येऊन मध्ये उभी राहिली.

"हात लावू नगंस येसू," ती म्हणाली. "पाय म्होरं करून गेलाय. इसाव्यावर टेकलाय. खांदं बदाललं. आता त्यो आसा घरात येत न्हाई."

इसाव्यावर! तो माझा सपाट दगड म्हणजे तिरडी टेकवायचा विसावा होता. गावातला प्रत्येक मेलेला त्याच दगडावर टेकून नदीला गेला होता. दगडूची चार भावंडंही त्याच वाटेने गेली होती.

"अहो बाई, हा खेळ होता!" मी ओरडलो. "नुसता खेळ! पोरगं धडधाकट आहे, बघा की!"

"खेळ तुमचा हुता," सोनाआत्या म्हणाली. "वाट मरनाची हाय."

येसूबाईंचे हात पुढे आले होते आणि तसेच हवेत थांबले होते. पोरगं दोन हातांच्या अंतरावर उभं राहून रडतंय आणि आई त्याला जवळ घेत नाही, हे मी डोळ्यांनी बघत होतो. मला संताप संताप आला. सन एकोणीसशे शेहेचाळीस! माणसं विमानातून उडायला लागली आणि इथे हे! मी पोरांकडे वळलो.

"तुम्हाला माहीत होतं? त्या दगडाचं? पायांचं?"

सगळ्यांच्या माना खाली. शेवटी ओठ थरथरणारा तो पोरगा बोलला, "व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"बोलायची आर्डर न्हवती."

मी हवालदारांकडे पाहिलं. तो आडदांड माणूस विसाव्याच्या दगडाकडे बघत उभा होता, चेहरा राखेसारखा झालेला.

"हवालदार, अहो तुम्ही या गावचे. तुम्हाला नाही कळलं?"

"माझ्या डोळ्याम्होरं गाव न्हवतंच गुर्जी," ते म्हणाले. "डोंगर हुता. त्यो लढाईतला. आमी पळत हुतो."

पुन्हा बारसं

उपाय सोनाआत्यानेच सांगितला. गेलेला पोरगा परत आणायचा तर त्याला पुन्हा जन्माला घातला पाहिजे. पाळण्यात घालायचं, नाव ठेवायचं, सगळं पहिल्यापासून. तेही दिवस मावळायच्या आत. तोवर दगडू पारावर एकटा बसेल, कोणी शिवायचं नाही.

अकरा वर्षांच्या मुलाचं बारसं! मला हसावं की रडावं कळेना. मी हवालदारांना बाजूला घेतलं. म्हटलं, तुम्ही जग बघितलेला माणूस, तुम्ही तरी हे थांबवा. ते पाराकडे बघत राहिले. "तिनं चार दिली हाईत त्या वाटंनं," ते म्हणाले. "पाळन्यानं परत मिळत आसंल, तर मी सोता पाळन्यात बसतु."

मी बाह्या वर सारल्या.

पहिला हुकूम सुटला तो काठ्यांवर. तिरडीचे बांबू घरात परत आणत नाहीत. माझ्या त्या तेल पाजलेल्या काठ्या! "अहो, या बांबू नाहीत, या बालवीराच्या..." एवढं बोललो आणि सोनाआत्याच्या डोळ्यांकडे बघून गप्प झालो. नदीवर गेलो, दोन्ही काठ्या पाण्यात सोडल्या आणि हात जोडले. त्या काही बुडेनात. सांगलीच्या दिशेने डौलात वाहत गेल्या. मागोमाग माझं धोतरही गेलं. खांदा दिलेल्या पोरांनी थंडगार पाण्यात अंघोळी केल्या.

मग पाळणा. एवढ्या घोड्याला मावेल असा पाळणा कुठला? परसातल्या आंब्याला घोंगड्याची झोळी टांगायची ठरली. आणि काय सांगू, त्या पोरांच्या अंगात एकदम वारं शिरलं! दोर कुठला, फांदी कुठली, गाठ कुठली, यावरून कडाक्याचं भांडण सुरू झालं. "ही सुटंल रं, लय वजन हाय!" "सुटती कशी? गुर्जींनी दावलेली हाय!" "आरं गड्या, आदी तू बसून बग की!" कालपासून ज्यांचा आवाज ऐकला नव्हता ती पोरं घसा फोडून वाद घालत होती. हवालदार शेजारीच उभे होते आणि कोणालाही गप्प म्हणाले नाहीत. मी गाठी घातल्या, पोरांनी लोंबकळून तपासल्या.

"पोरांनी न्हेलाय, पोरांनीच आनायचा," असं सोनाआत्याने फर्मावलं. चौघांनी दगडू खांद्यावर बसता घेतला, तोंड गावाकडे. पुढच्या दारावरून न जाता परड्याच्या वाटेने आत आणला. झोळीत घातला. त्याचे गुडघे आणि डोकं दोन्हीकडून बाहेर. पोरांना हसू आवरेना. एक बारीकसा फिस्स आवाज आला आणि मग सगळीच फुटली. दगडूही झोळीत हसायला लागला. येसूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचे डोळे पोरावर खिळलेले होते, अजून हात लावलेला नव्हता.

आमच्याकडेही बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालतात, बाळाच्या आधी तो पाळण्यात ठेवतात. इथेही तसाच वरवंटा आणला, फडक्यात गुंडाळला. मला वाटलं, तोच रिवाज. पण सोनाआत्याने झोळीतून दगडूला बाहेर ओढलं आणि त्याच्या जागी वरवंटा ठेवला. झोळीला एक झोका दिला. आणि नदीकडे तोंड करून, मरणाशी, अगदी शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "तुजा दगडू ह्यो हितं हाय. वळखून ठेव. दुसऱ्या पोराशी तुजं काम न्हाई."

विमानाचा अभिमान सांगणारा मी, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आता नाव सांग येसू," आत्या म्हणाली. "कानात कुर्र करायचं त्ये."

येसूबाई जागच्या हलेनात. एवढी वर्षं जे नाव तोंडाबाहेर काढलं नव्हतं ते काढायचं होतं. त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. मग आत्याच्या कानाशी लागल्या. आत्याने पोराच्या कानात कुर्र केलं, पथकाच्या सगळ्या पोरांनी त्याच्या पाठीवर थापा मारत "कुर्रर्र" म्हणून असा गलका केला की आंब्यावरचे पक्षी उडाले.

"आनंदा!" आत्या ओरडली.

हवालदार गर्रकन बायकोकडे वळले. "आनंदा? आगं, ह्ये नाव कवापास्नं हाय तुझ्याकडं?"

"पयल्यापास्नं," येसूबाई म्हणाल्या. "पयल्या पोराच्या वक्तालाच ठरीवलं हुतं. मग चारी गेली. कुनालाच घातलं न्हाई." आणि मग त्यांनी पोराला पोटाशी ओढलं, इतकं घट्ट की ते "आये, आवळतंय" म्हणून कण्हलं.

हवालदार खाशाबा, मिशा पिळलेला तो माणूस, आमच्या सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडला. पोरं आ वासून बघत राहिली. मीही त्यांच्यातच. मग घुगऱ्या वाटल्या, गुऱ्हाळावरून काकवी आली, आणि पोरांनी वरवंट्याच्या झोळीला झोके देत देत अंधार पडेपर्यंत धुडगूस घातला. महिनाभर बसून मी जे खेळ आखले होते त्यातल्या एकालाही असा रंग चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सभेत हवालदारांनी "सावधान" म्हटलं आणि मग घसा खाकरून म्हणाले, "कुनाला काय बोलायचं आसंल तर बोला." पोरं गप्प. मग एक म्हणाला, "विश्राम म्हना की." तिथून जी सुरू झाली ती थांबेनात.

सांगली

सांगलीत उतरलो तर हवेला हळदीचा वास. माधवनगरच्या गिरणीचा भोंगा ऐकत मी मैदानाकडे निघालो. मेळावा म्हणजे काय थाट! पताका, बँड, ठिकठिकाणची पथकं. कृष्णेचा घाट लागला तेव्हा मी नकळत पाण्यात डोकावून बघितलं, माझ्या काठ्या दिसतात का म्हणून.

जखमीच्या वाहतुकीत भैरववाडी उतरणार नाही अशी मी मनाची तयारी केली होती. पण हवालदार पथक घेऊन हजर. आणि बरोबर चक्क येसूबाई, बगलेत वाकळ घेऊन. ती त्यांनी स्वतः जुन्या लुगड्यांची शिवली होती, काठ्या ओवायला दोन्ही बाजूंना नेफे ठेवून. पांढरा कपडा औषधालाही नव्हता.

"आणि जखमी कोण?" मी भीत भीत विचारलं.

"आनंदाच," येसूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाचं पोरगं घालू व्हय त्यात?"

शिट्टी झाली. पथक निघालं. वाकळ अशी तोललेली की पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. हवालदार डोक्याला पटका बांधून बाजूने धावत होते. पण जखमीचं डोकं पुढे होतं आणि पाय मागे. परीक्षक म्हणजे कडक इस्त्रीची अर्धी चड्डी घातलेले एक साहेबी थाटाचे गृहस्थ. ते हात वर करून आडवे आले.

"थांबा! नियम काय आहे? पाय पुढे. उलटं धरलंय तुम्ही. फिरवा!"

पथक थांबलं. हवालदारांनी तोंड उघडलं आणि मिटलं. वरिष्ठाचा हुकूम! आयुष्यभर पाळलेला. मी मध्ये पडणार, तेवढ्यात जखमीच वाकळेत उठून बसला.

"न्हाई फिरवायचं," तो म्हणाला. "आमच्यात पाय म्होरं करून मेलेला न्हेत्यात. मी जिता हाय."

परीक्षकांच्या तोंडाचा आ झाला. "जखमी बोलत नसतो! नाव काय तुझं?"

"आनंदा खाशाबा! भैरववाडी!" पोरगं असं खणखणीत ओरडलं की पलीकडचा बँडसुद्धा अडखळला.

मैदानभर लोक, हजार अनोळखी डोळे त्या एका पोरावर. मी घाबरून येसूबाईंकडे पाहिलं. ज्या बाईने अकरा वर्षं ते नाव दारालासुद्धा ऐकू दिलं नव्हतं, तिचं आता काय होईल? त्यांनी दोन्ही हात कानशिलावर नेले आणि कडाकडा बोटं मोडली.

परीक्षकांनी पथकाला स्पर्धेतून बाद केलं. पोरं डोकं पुढे तसंच ठेवून मैदानाच्या टोकापर्यंत गेली, मगच वाकळ खाली ठेवली.

"गुर्जी," येसूबाईंनी मला हळूच विचारलं, "लय म्होट्यानं बोललं का वो?"

"हो," मी म्हटलं.

"बोलू द्या त्येला," त्या म्हणाल्या.